सुरुंगात पाय गेलेला भाऊ सैन्यातून सोलापूरला घरी आलाय, पण निराश झालाय, खोलीबाहेर पडत नाही. आम्ही घरच्यांनी काय करावं?

माझाही पाय असाच गेला. मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, नियंत्रण रेषेवर सुरुंग फुटला आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुण्याच्या वानवडीतल्या कृत्रिम अवयव केंद्रात परत चालायला शिकलो. १९४४ पासून ते केंद्र जखमी जवानांना उभं करतंय.

तुम्ही लिहिलंय, तो निराश झालाय. असेलही. पण आधी त्याला विचारा, कृत्रिम पाय घातल्यावर दुखतं का? पहिल्या वर्षात स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, आकसत जातो, तो ज्यात बसतो ते सॉकेट ढिलं पडतं आणि घासतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर गेला की लायनरमध्ये, म्हणजे स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणात, घाम साचून कातडी सोलवटते. मग पाय कोपऱ्यात पडतो आणि माणूस पलंगावर. दुपारी पाय काढू द्या, स्टंप धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, दुसरा धुतलेला लायनर हाताशी ठेवा. पाय काढल्यावर बऱ्याच वेळाने लाली तशीच असेल तर सॉकेट दाखवायलाच हवं. नसलेल्या पायाची बोटं ठणकतात असं तो म्हणाला तर त्याला वेड्यात काढू नका. ती कळ खरी असते आणि तिच्यावर औषधं आहेत, आरशासमोर करायचे व्यायामही आहेत.

घरात त्याला सगळे 'तू बस' म्हणत असतील. सैन्यात सेक्शन, म्हणजे जवानांची छोटी तुकडी, सांभाळलेल्या माणसाला हे फार लागतं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. वडिलांनी एके दिवशी सांगून टाकलं, पाण्याच्या दिवशी मोटर, टाकी, पिंपं सगळं तुझ्याकडे. कुणी मदतीला धावलं नाही. त्या कामासाठी मी जिना उतरायला लागलो. मुरलीकांत पेटकरांचं नाव त्याला सगळेच ऐकवतील: १९६५ च्या युद्धात जखमी, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण. थोर माणूस, मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. पण तुमच्या भावाला आत्ता जिना उतरायचाय, तेवढंच बघा.

सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर दारूकाम असतं, त्या रात्री मी गावी जातो. आवाजाने तोही दचकत असेल, झोप उडत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सत्काराला कुणी बोलावलं तर 'हो' म्हणण्याआधी त्याला विचारा.

कागदांत पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, नीट वाचा. लढाईतल्या जखमेचं पेन्शन साध्या अपंगत्वाच्या पेन्शनपेक्षा जास्त असतं. नोंद चुकली असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. काही शिकायची इच्छा असेल तर खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खास अपंग जवानांसाठीच आहे.

सॉकेटसाठी पुण्याला जायचं ठरलं की सकाळची हुतात्मा एक्सप्रेस बरी पडते. तिकीट मात्र त्यालाच काढू द्या.