धडधाकट माणसाला फुफ्फुसात बुरशी होत नाही, असे कोण म्हणाले?

प्रतिकारशक्ती चांगली असताना फुफ्फुसात बुरशीचा संसर्ग होतो का आणि तो नेमक्या कोणत्या तपासणीने कळतो, असे आपण विचारले आहे. संसर्ग होतो, एकाच तपासणीवर मात्र विसंबता येत नाही. माझे थोरले बंधू डॉक्टर आहेत आणि ‘धडधाकट माणसाला बुरशी होत नाही’ हे त्यांचे ठाम मत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वटवाघळांच्या एका गुहेत आम्ही तिघे मित्र तासभर हिंडलो होतो. पायाखाली विष्ठेचा कोरडा थर होता आणि प्रत्येक पावलाला धूळ उडत होती. दोन आठवड्यांनी मला ताप, कोरडा खोकला आणि छातीत दुखणे सुरू झाले. प्रतिजैविकांचे दोन कोर्स वाया गेले. सीटी स्कॅनमध्ये बारीक गाठी आणि सुजलेल्या लसिका ग्रंथी दिसल्या, बायोप्सीत, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, ‘ग्रॅन्युलोमा’ (क्षयातही दिसणारा दाहक पेशींचा पुंजका) आला आणि थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही क्षयाचे औषध सुरू झाले. महिनाभराने दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवून आधी विचारले, ‘आजारी पडण्यापूर्वी कुठे गेला होतात? सोबतचे कुणी आजारी पडले का?’ दोघांनाही ताप येऊन गेला होता! डॉक्टरांनी नवी सुई टोचली नाही. प्रयोगशाळेत जपलेल्या त्याच तुकड्यावर सिल्व्हर स्टेन (बुरशी उठून दिसावी म्हणून चांदीच्या क्षाराने रंगवणे) करवून घेतला आणि हिस्टोप्लाझ्मा या वटवाघळांच्या विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीच्या इवल्याशा पेशी दिसल्या.

म्हणून बायोप्सी होणार असेल, तर बुरशीसाठीचा स्टेन आणि कल्चर (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) दोन्ही आधीच मागावेत. कल्चरला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि रक्तात प्रतिपिंडे दिसायलाही काही आठवडे जातात, त्यामुळे पहिला निगेटिव्ह अहवाल अंतिम मानू नये. उलट थुंकीत कँडिडा हा बुरशीचा प्रकार सापडला म्हणून घाबरू नये. तो बहुधा तोंडातलाच असतो.

मी डॉक्टर नाही, हेही सांगायला हवे. आधी क्षयाची शंका घेणे चूक नव्हते, आणि हिस्टोप्लाझ्मोसिसचे (हिस्टोप्लाझ्मामुळे होणाऱ्या या आजाराचे) सौम्य रुग्ण बहुतेकदा औषधाविनाच बरे होतात, जसे माझे मित्र झाले. थुंकीतून रक्त पडत असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र उत्तरे वाचत बसू नये.

बंधू अजूनही म्हणतात, ‘तुझी केस अपवादात्मक होती.’ मी दोन्ही अहवाल त्यांच्यापुढे ठेवतो. दोहोंवर नमुन्याचा क्रमांक एकच आहे.