चौथ्या सीटवरचं वाचन

अगं पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराचा, मी सकाळी बघितला. ‘ताई, नोकरी, घर, पोरं सगळं सांभाळून तुम्ही वाचायचात कधी?’ खरं सांगू का, सांभाळत वगैरे काही नव्हते गं, ढकलत होते. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल, बँकेत काउंटर, परतताना गाडीतच मेथी निवडायची, घरी पोचलं की सासूबाईंची औषधं, धाकट्याचे पाढे, आणि वर सोसायटीचा हिशेब पण माझ्याच गळ्यात, का तर ती बँकेत आहे ना, मग करेल की.

वाचायला लागले तेही ठरवून नाही. एका जुलैत पाणी साचलं म्हणून गाडी दीड तास अडकली, मी चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी, अर्धी टेकलेली, शेजारच्या बाईंकडे एक दिवाळी अंक होता, दिवाळी होऊन आठ महिने झालेले. त्यांचा वाचून झाला तसा माझ्या हातात दिला. त्यातली कथा आज अजिबात आठवत नाही, पण त्या दीड तासात मला कोणी आई, वहिनी, मॅडम अशी हाक मारली नाही, आणि मीपण कोणाची कोणी नव्हते, हे पक्कं आठवतंय. गाडी सुटली तेव्हा चक्क राग आला मला!

म्हणून सांगते, वाचन ही अजून एक ड्यूटी करू नकोस. वर्षाला पन्नास पुस्तकांचं चॅलेंज घेतलंयस म्हणे, कशाला? ऑफिसात टार्गेटं कमी पडली का? नाही आवडलं पुस्तक तर तिसाव्या पानावर सोडून दे, पाप लागत नाही. आणि निवांत दोन तास मिळतील तेव्हा वाचू असं म्हणशील तर ते रिटायर झाल्यावरच मिळतात, आणि तेव्हा चष्म्याचा नंबर वाढलेला असतो. दहा मिनिटं चालतील. पोराचा क्लास सुटायची वाट बघताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. फक्त गॅसवर दूध ठेवून वाचायला बसू नकोस, माझी दोन पातेली त्यात गेलीत.

फोन पर्सच्या पुढच्या कप्प्यात असतो ना तुझ्या? तिथे पुस्तक ठेव, फोन मागे. एवढी एकच गोष्ट केलीस तरी फरक पडेल.

घरचे बोलतील, बोलू देत. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, न्यायमूर्ती त्यांना रात्री शिकवायचे आणि दिवसा घरातल्याच बायका त्या वाचनावरून टोमणे मारायच्या, हे त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, १९१० साली आलं ते पुस्तक. तुला तर फक्त ‘काय नेहमी पुस्तकात डोकं’ एवढंच ऐकावं लागतं.

पण एक बाजू आहे, ती बोलल्याशिवाय पत्र संपवणार नाही. तुझा थकवा सगळाच पुस्तकाने जाणारा नाहीये. सरकारने २०१९ मध्ये लोकांचा दिवसाचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली होती, त्यात स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची त्या कामाची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि तसंच काम करणाऱ्या पुरुषांची ९७. ती मधली दोनशे मिनिटं कोणतंही पुस्तक भरून देत नाही. रात्रीची भांडी आणि पोरांचा डबा, यातलं एक काम नवऱ्याकडे दे. आणि दिल्यावर मागे उभी राहून सूचना देऊ नकोस, मी तेच करायचे, शेवटी काम परत माझ्याकडेच यायचं. डबा थोडा बिघडेल, पोरं उपाशी मरत नाहीत.

बाकी भेटून बोलू. शनिवारी दुपारी ठाण्याला ये, मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊ, १८९३ सालची लायब्ररी आहे ती आणि तू तिथे अजून पाय ठेवला नाहीस म्हणजे कमालच. नाव नोंदवून टाकू तुझं. दोन फोटो बरोबर ठेव, लागले तर. आणि पोरांना आणू नकोस, बापाकडे राहू देत.

तुझी,
ताई