साखरेऐवजी स्टीव्हिया : वाचक विचारतात

प्रश्न : साखर कमी करायची म्हणून स्टीव्हियाची पूड आणली. कपभर चहात पाव चमचा घातली, तर चहा इतका कडू झाला की ओतून द्यावा लागला. पूड खराब निघाली का?

उत्तर : पूड बहुधा चांगली आहे, माप चुकलं. स्टीव्हिया हे गोड पानांचं झाड; त्याच्या पानांचा शुद्ध अर्क साखरेच्या साधारण 200 ते 300 पट गोड असतो. एक चमचा, म्हणजे सुमारे 4 ग्रॅम साखरेची गोडी यायला 16 मिलिग्रॅमच्या आसपास पूड पुरते. पाव चमच्यात त्याच्या कितीतरी पट पूड मावते. त्यात स्टीव्हियाची एक खोड अशी, की त्यातली गोड द्रव्यं जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या संवेदकांनाही चिकटतात. मात्रा वाढवत नेली की गोडी एका मर्यादेला येऊन थांबते, कडवटपणा मात्र वाढतच राहतो. म्हणून ‘गोड कमी वाटतंय, अजून थोडं घालू’ हा साखरेचा हिशेब इथे उलटा पडतो.

यावर सोपा उपाय म्हणजे द्रावण करून ठेवणं. 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर 1 ग्रॅम शुद्ध अर्क घ्या, 120 मिलिलीटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि स्वच्छ बाटलीत भरा. याचे 2 मिलिलीटर म्हणजे अंदाजे एक चमचा साखर. सुरुवात त्याच्या निम्म्याने करा. गोडी जिभेवर उशिरा चढते आणि रेंगाळते, त्यामुळे घोट घेतल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबून मगच आणखी घालायचं की नाही ते ठरवा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभरात संपवा. थंडाव्याने तळाशी बारीक खडे धरले तर बाटली कोमट पाण्यात उभी करून हलवून घ्या. नाहीतर वरचं द्रावण फिकं आणि तळचं कडू लागेल.

पहिले काही दिवस निम्मी साखर आणि निम्मा स्टीव्हिया असं ठेवलं तर जीभ लवकर रुळते. लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ घाला, कडवट शेपूट बरीच दबते.

प्रश्न : माझ्या पाकिटावर तर ‘एक चमचा साखरेला एक चमचा’ असं लिहिलंय. मग 200 पट कुठे गेलं?

उत्तर : त्या पाकिटात स्टीव्हिया नावापुरता आणि भरण जास्त आहे. मागच्या बाजूची घटकांची यादी वाचा. पहिलं नाव एरिथ्रिटॉलचं (साखरेसारखं दिसणारं एक साखर-अल्कोहोल) असेल तर रक्तातली साखर जवळजवळ वाढत नाही; तोंडात किंचित गारवा जाणवतो आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडू शकतं. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) किंवा डेक्स्ट्रोजचं (म्हणजे ग्लुकोजचं) असेल तर सावध राहा, कारण ही दोन्ही रक्तातली साखर वाढवतात. चिमटीएवढ्या सॅशेत ते फारसं जाणवणार नाही, पण वाटीवाटीने वापरलं तर मधुमेह असलेल्याची फसगत होईल. शुद्ध अर्काच्या लेबलवर ‘स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड्स’ किंवा ‘रेबॉडिओसाइड ए’ असं लिहिलेलं असतं. ही स्टीव्हियाच्या पानांतल्या गोड द्रव्यांची नावं. त्यांपैकी रेबॉडिओसाइड ए, म्हणजे ‘रेब ए’, हा स्टीव्हिओसाइड या दुसऱ्या द्रव्यापेक्षा कमी कडू असतो, ‘रेब एम’ आणखी स्वच्छ लागतो.

प्रश्न : केकमधली सगळी साखर काढून स्टीव्हिया घातला. केक बसका, पांढरट आणि कोरडा झाला. ओव्हनचा दोष असेल का?

उत्तर : ओव्हनचा नाही. केकमध्ये साखर गोडीखेरीज बरंच काही करते. लोण्यात फेटताना तिचे कण हवा धरून ठेवतात, ती ओलावा राखते, पोत मऊ ठेवते आणि वरचा तपकिरी रंग आणते. यातलं एकही काम स्टीव्हिया करत नाही. उष्णतेने तो बिघडत नाही, भाजताना गोडी टिकते. पण 200 ग्रॅम साखरेच्या जागी ग्रॅमभरसुद्धा पूड लागत नाही, आणि ती जागा रिकामीच राहते.

निम्मी साखर ठेवा. 200 ग्रॅमची कृती असेल तर 100 ग्रॅम साखर, 0.4 ग्रॅम शुद्ध अर्क आणि भरणासाठी 60 ग्रॅमच्या आसपास सफरचंदाचा बिनसाखरेचा गर किंवा घट्ट दही. अर्क कोरड्या पिठात टाकू नका, एखाद्या भागात कडू गोळी राहते. तो दह्यात किंवा गरात आधी विरघळवा. रंग फिकाच राहील, म्हणून रंगाची वाट पाहत बसू नका. मध्यभागी टोचलेली काडी कोरडी निघाली की केक बाहेर काढा. रंग येईपर्यंत भाजत राहणं हे कोरडेपणाचं नेहमीचं कारण आहे.

जॅममध्ये मात्र पूर्ण बदल नकोच. तिथे साखर जॅम टिकवण्याचं काम करते. ती काढली की जॅम फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा लागतो, आणि जॅम घट्ट करणारं नेहमीचं पेक्टिन नीट धरतही नाही.

प्रश्न : कुंडीतल्या झाडाची पानं थेट वापरली तर चालतील का?

उत्तर : पॅराग्वेतले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या ही पानं वापरत आले आहेत. अडचण मापाची आहे : गोडी पानागणिक बदलते आणि वनस्पतीचा हिरवट वासही येतो. शिवाय सुरक्षिततेच्या बहुतेक चाचण्या शुद्ध अर्कावर झालेल्या आहेत. अमेरिकेत कच्ची पानं गोडी आणणारा पदार्थ म्हणून वापरायला मान्यता नाही. अधूनमधून कपात एखाददुसरं पान टाकायचं असेल तर कळ्या धरण्याआधी फांद्या खुडा, तेव्हा गोडी सर्वांत जास्त असते. पानं सावलीत, हवेशीर जागी वाळवा.

प्रश्न : रोज घेतलं तर काही धोका? आणि वजन उतरेल का?

उत्तर : अन्नातील मिश्रणद्रव्यांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने दिवसाची मर्यादा दर किलो वजनामागे 4 मिलिग्रॅम ठरवली आहे, तीही स्टीव्हिऑलच्या, म्हणजे या गोड द्रव्यांच्या रेणूतल्या मूळ भागाच्या, हिशेबात. ‘रेब ए’मध्ये ती साधारण 12 मिलिग्रॅम होते. 60 किलोच्या माणसासाठी हे चाळीसहून अधिक चमचे साखरेच्या गोडीएवढं झालं, म्हणजे चहा-कॉफीत ती ओलांडणं कठीण.

वजनासाठी मात्र यावर भिस्त ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी गोडी आणणारे असे पदार्थ वापरू नयेत असा सल्ला दिला, आणि त्यात स्टीव्हियाही येतो. आधीच मधुमेह असलेल्यांना हा सल्ला लागू केलेला नाही. त्यांनी औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलावं आणि घरात साखर किंवा ग्लुकोज जरूर ठेवावं. इन्सुलिनमुळे साखर एकदम उतरून घाम, थरथर सुरू झाली तर स्टीव्हिया घातलेलं सरबत काहीही उपयोगाचं नाही.