अदृश्य माणसाला दिसेल का?

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. सुट्टीत आजोबांबरोबर १९३३ सालचा ‘द इन्व्हिजिबल मॅन’ पाहिला. आजोबा म्हणतात, मूळ कादंबरी विज्ञान शिकलेल्या माणसाची आहे, म्हणजे त्यात तथ्य असणार. खरंच माणूस असा दिसेनासा होऊ शकतो का?
– एक वाचक, चिपळूण

आजोबांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. एच. जी. वेल्स जीवशास्त्र शिकलेले होते, आणि १८९७च्या कादंबरीत त्यांनी धरलेलं सूत्र तुझ्या दहावीच्या पुस्तकातलंच आहे : अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप. स्वच्छ काचसुद्धा आपल्याला दिसते, कारण तिच्यात शिरताना प्रकाश वळतो आणि थोडा मागे फिरतो. हवेचा अपवर्तनांक जेमतेम १, काचेचा दीडच्या आसपास. हा फरकच मिटला तर प्रकाश सरळ निघून जाईल.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. मेडिकलच्या दुकानातून ग्लिसरीन आण, पेल्यात ओत आणि शाळेतली बोरोसिलिकेटची परीक्षानळी ग्लिसरीन भरून त्यात बुडव. दोन्हींचा अपवर्तनांक १.४७च्या जवळ. बुडालेली नळी नाहीशी होते, वर राहिलेला काठ तेवढा अधांतरी दिसतो. वर्गात मी हे दाखवलं की मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे यायची. साधी काचकांडी मात्र पूर्ण लपत नाही. तिचा अपवर्तनांक १.५२, एवढासा फरकही डोळा टिपतो.

नळी लपली ती ग्लिसरीनमध्ये. वेल्सच्या अदृश्य माणसाला, ग्रिफिनला, लपायचंय हवेत. आपलं शरीर बहुतांश पाणी, आणि पाण्याचा अपवर्तनांक १.३३. तो हवेइतका खाली यायचा तर पाण्याची वाफच व्हायला हवी. जिवंत शरीरात हे करणारं औषध असू शकेल, असं मला वाटत नाही.

तरी समजा, झालं. मग त्या माणसाला दिसणार कसं? विहिरीत बुडी मारून डोळे उघडलेस तर सगळं पुसट दिसतं. पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, अपवर्तनांक पाण्याच्या इतका जवळ आहे की तिथे प्रकाश पुरेसा वळतच नाही. अदृश्य माणसाची भर हवेत हीच गत होईल, उलट जास्तच, कारण त्याचं भिंगही निकामी झालेलं असेल. शिवाय दृष्टिपटलाने, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याने, प्रकाश शोषला तरच आपल्याला दिसतं, आणि जे प्रकाश शोषतं ते इतरांना दिसतंच.

आमच्या घरी ताजा जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, यायचा तेव्हा आई तो पाण्यात निवडायला बसायची. अंग इतकं पारदर्शक की नुसते काळे ठिपके पाण्यात हलल्यासारखे वाटायचे. ते ठिपके म्हणजे त्यांचे डोळे. बाकी सगळं शरीर लपवता आलेल्या जिवालाही डोळे लपवता आलेले नाहीत.

वेल्सना हे ठाऊक होतं. कादंबरीत ग्रिफिन आरशात पाहतो तेव्हा दृष्टिपटलामागचं रंगद्रव्य धुक्याहून फिकं, पण उरलेलं असतं. चित्रपटात चेहऱ्यावरच्या पट्ट्या सुटल्यावर तिथे काहीच नाही. ही तडजोड मला खटकते, कारण बाकी बाबतींत तो चित्रपट फार विचारी आहे : जेवल्यावर तासभर लपायचं, कारण अन्न पोटात दिसतं, पाऊस नको, काजळीचं शहर नको. आणि ती दृश्यं जॉन फुल्टन यांनी संगणकाशिवाय केली. नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून, वर कपडे चढवून काळ्या मखमलीच्याच पडद्यासमोर उभं करायचं. मग चित्रफितीवर उरतात ते फक्त कपडे. एक चूक मात्र पुढच्या वेळी शोध. शेवटी बर्फात उमटणारी पावलं बुटांची आहेत, आणि तो तर अनवाणी असायला हवा.

प्रश्न : ‘मिस्टर इंडिया’ फक्त लाल उजेडात का दिसतो? याला काही आधार आहे का?
– एक वाचक, नाशिक

१९८७च्या या चित्रपटात औषध नाही, यंत्र आहे. प्रकाश शरीराभोवतून वळवला जातो असं धरू. २००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात असं आवरण खरंच बनलं. त्याने तांब्याचा लहानसा दंडगोल लपवला, पण सूक्ष्मलहरींपासून (मायक्रोवेव्ह) आणि एकाच वारंवारतेला. म्हणजे यंत्र काही रंगांना चालेल आणि लाल रंगाला चालणार नाही, ही कल्पना मला उलट पटते. पण उन्हातही लाल रंग असतोच. त्यामुळे भर दुपारी तो लालसर आकृतीसारखा दिसला असता. त्यालाही जग लालच दिसलं असतं, कारण बाकीचे रंग त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचणारच नाहीत.

लाल उजेडाचं खरं नवल २०२४ साली स्टॅनफर्डमध्ये दिसलं, आणि तेही वेल्सच्या वाटेने. मिठाई-शरबतांना पिवळा रंग देणारं टारट्राझिन पाण्यात दाट विरघळवून उंदराच्या कातडीवर चोळलं. रंगामुळे कातडीतल्या पाण्याचा अपवर्तनांक वाढून भोवतीच्या चरबी-प्रथिनांच्या जवळ गेला, आणि पोटावरच्या कातडीतून आतडी हलताना दिसली. टारट्राझिन निळा प्रकाश शोषतं आणि लाल जाऊ देतं, म्हणून कातडी मुख्यतः लाल उजेडाला पारदर्शक झाली. पाण्याने धुतल्यावर ती पूर्ववत झाली. स्वतःच्या अंगावर हे कुणी करून पाहू नये. माणसाची कातडी बरीच जाड आहे आणि ते प्रयोग अजून व्हायचे आहेत.

पण मी त्यांची वाट पाहते आहे. आईच्या शेवटच्या आजारपणात रक्त घ्यायचं असलं की तिच्या हातावर शीर सापडत नसे. दोनदा, तीनदा सुई टोचावी लागे, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.