पुनरायनीभवन की पुनर्आयनीकरण?

सुरुवातीच्या दीर्घिकांवरच्या (गॅलेक्सींवरच्या) एका लेखात 'पुनर्आयनीकरण' (reionization, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन पुन्हा सुटून आयन होणं) असा शब्द आला. तो बरोबर आहे का, आणि 'पुन्हा' म्हणजे आधी कधी झालं होतं, असा प्रश्न आहे.

संधीचं आधी सांगतो. 'पुनर्'च्या पुढे स्वर आला की र् त्यात मिसळतो. गणपती हलवताना आपण 'पुनरागमनाय च' म्हणतो, तसंच 'पुनरायनीकरण'. मधेच तुटलेलं रूप मला तरी खटकतं.

'पुन्हा'चं उत्तर मात्र विश्वाच्या इतिहासात आहे. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षं विश्व इतकं तापलेलं होतं की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सुटेच, म्हणजे आयनरूपात राहिले. निवल्यावर त्यांचे हायड्रोजन अणू झाले. (या टप्प्याला 'पुनःसंयोग' म्हणतात, पण ते एकत्र आले ते पहिल्यांदाच! तिथला 'पुनः' चुकीचाच.) मग तारे आणि दीर्घिका पेटल्या आणि त्यांच्या अतिनील किरणांनी ते अणू फोडले, म्हणजे त्यांतले इलेक्ट्रॉन सुटे केले. महास्फोटानंतर सुमारे १०० कोटी वर्षांपर्यंत हे काम जवळपास उरकलं होतं. एका अणूतला इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश. तोही दीर्घिकेतल्याच वायूत न जिरता बाहेर निसटायला हवा. पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांनी एका दीर्घिकेतून असा निसटता प्रकाश 'ॲस्ट्रोसॅट' या भारतीय अवकाश-दुर्बिणीच्या निरीक्षणांत टिपला आणि २०२० मध्ये जाहीर केला. ती दीर्घिका बरीच नंतरच्या काळातली आहे, पण प्रकाश असा निसटू शकतो हे तिच्यात प्रत्यक्ष दिसलं.

आता 'करण' की 'भवन'? पाण्याचं बाष्पीभवन होतं, गावाचं विद्युतीकरण करतात. विश्व सुरुवातीला आयनरूपातच होतं, ते तसं कुणी केलेलं नव्हतं. दीर्घिकांनी अणू फोडले ते पहिल्यांदाच. म्हणजे अवस्था दुसऱ्यांदा आली, क्रिया एकदाच घडली. म्हणून 'पुनर्' जोडायचा तर तो 'भवना'लाच शोभतो. मी असं लिहीन: 'दीर्घिकांच्या प्रारणाने हायड्रोजनचं आयनीकरण केलं आणि विश्वाचं पुनरायनीभवन झालं.'

'आयन' परका वाटतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३४ मध्ये हा शब्द रूढ केला तो ग्रीकमधल्या 'जाणारा' या अर्थाच्या शब्दावरून. त्या ग्रीक धातूचं आणि संस्कृत 'इ' म्हणजे 'जाणे' या धातूचं मूळ एकच. याच 'इ'पासून आपला 'अयन' आला, उत्तरायणातला.