तिच्या ओळखी तिच्या असू द्या

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलगी मागच्या वर्षी सीए झाली आणि घरातल्याच एका खोलीत तिने प्रॅक्टिस सुरू केली. एकमेकांना काम मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांच्या एका गटात वडिलांनी तिला नेलं. दर आठवड्याला सकाळी सातला बैठक असते. चार बैठका झाल्या आणि तिने जाणं थांबवलं. ‘मुलगी लाजरी आहे. तिला माणसांत मिसळायला कसं शिकवू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार,

‘लाजरी’ हा शब्द तुमच्या पत्रात पाच वेळा आलाय. मी मात्र दुसऱ्याच वाक्यापाशी थांबलो. ‘बैठकीत मीच उभा राहून सांगायचो, पोरगी सीए आहे, रिटर्न, ऑडिट काही असलं तर तिच्याकडे द्या.’ सीए फायनल पार केलेली सव्वीस वर्षांची मुलगी शेजारी बसलीय आणि तिच्यासाठी काम वडील मागताहेत! समोर बसलेले सूतवाले, डाइंगवाले, ट्रान्सपोर्टवाले तुमच्या तीस वर्षांच्या ओळखीचे. ते तिच्याकडे बघून हसले असतील, पण बोलले तुमच्याशीच असतील. अशा ठिकाणी तिने मिसळायचं म्हणजे नेमकं काय करायचं होतं?

शिवाय हे नुसतं अवघडलेपण नाही. 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्यानुसार प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागता येत नाही, फीमधला वाटा बाहेरच्या माणसाला कमिशन म्हणून देता येत नाही. तुम्ही तिच्या वतीने मागत होता ते त्या रेषेच्या फार जवळ जातं. हे तिला पाठ असणार, आणि चारचौघांत वडिलांना टोकायचं कसं म्हणून ती गप्प बसली असणार. तुम्हाला ती लाजरी वाटते. मला सावध वाटते.

ओळख जितकी घट्ट तितकं काम जास्त, हे तुम्ही गृहीत धरलंय. इथे बहुतेकांची गल्लत होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970 च्या सुमारास बोस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्याच्या ओळखीने नोकरी लागली तो तुम्हाला तेव्हा कितपत भेटायचा? पाचांतल्या चारांहून अधिक जणांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचितच. कारण साधं आहे. रोज भेटणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती जुन्या सहकाऱ्याकडून, एखाद्या वर्गात शेजारी बसलेल्याकडून. पण अशा माणसाने आपलं नाव घ्यावं, तर त्याने आपलं काम कधीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं.

प्रॅक्टिसच करायची असेल तर वाट सरळ आहे. प्रॅक्टिसमधल्या सीएंना तीन वर्षांत 120 तासांचं सततचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं आणि सीएंच्या संस्थेची शाखा सोलापुरात आहे. तिथे तिच्याच धंद्यातली माणसं भेटतात. सूक्ष्म किंवा लघु उद्योजकाचं बिल करार नसेल तर 15 आणि असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत दिलं नाही, तर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात वजा मिळत नाही. हा नियम तिने चार कारखानदारांना नीट समजावून दिला, तरी ते तिला नावानिशी ओळखू लागतील. तुमची मुलगी म्हणून नव्हे.

पण खरी गोष्ट तुम्ही शेवटच्या दोन ओळींत उरकलीत. पुण्यातल्या एका कंपनीने इंटर्नल ऑडिटच्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलंय, नाव आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकण्याच्या, वेळच्या एका सीनियर मुलीने सुचवलं, आणि ‘घरची प्रॅक्टिस टाकून नोकरी कशाला’ म्हणून तुम्ही विषय बंद केलात. अहो, ज्या ओळखींसाठी तुम्ही पहाटे उठून तिला नेत होता, त्या तिच्याकडे आहेतच! तीन वर्षं जिच्या शेजारी बसून तिने व्हाउचर तपासली, तिने मोक्याच्या वेळी आठवणीने नाव दिलं. ही ओळख तुमच्यामार्फत आली नाही, म्हणून तुम्ही ती मोजली नाहीत.

नोकरी घेतली तर पूर्णवेळ प्रॅक्टिस थांबवावी लागेल, हे खरं. पण प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र पुढे पुन्हा घेता येतं. गटाची वर्गणी तूर्त भरू नका. आज रात्री जेवणं झाली की तिला एवढंच विचारा, ‘तुला काय करायचंय?’ आणि ती बोलेपर्यंत थांबा, मध्ये उत्तर सुचवू नका. ती मुलाखतीला जाते म्हणाली, तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला तिला सोडायला स्टेशनवर जा.