हल्ट प्राइझ नक्की काय आहे? एमबीए नसलेल्या विद्यार्थ्याने भाग घ्यावा का?

जरूर घ्यावा. पदवीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. हल्ट प्राइझ ही जगभरातल्या विद्यार्थ्यांची सामाजिक उद्योगांची, म्हणजे समाजाचा प्रश्न सोडवता सोडवता पैसेही कमावणाऱ्या उद्योगांची स्पर्धा. छोटा संघ करायचा, आधी कॉलेजच्या फेरीत टिकायचं, मग पुढच्या फेऱ्या. अंतिम विजेत्याला 10 लाख डॉलर, पण ते उद्योग उभा करायला, खिशात टाकायला नव्हे!

इथे निबंधछाप समाजसेवा चालत नाही. पैसे कुठून येणार, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. 2014 ला विषय होता शहरी झोपडपट्ट्यांतले मधुमेह, रक्तदाब असे जुनाट आजार. जिंकला हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा 'नॅनोहेल्थ' संघ. वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण द्यायचं, हाती तपासणीची पिशवी द्यायची आणि घरोघरी जाऊन साखर, रक्तदाब तपासायचा, अशी त्यांची योजना. आपल्या आशाताईंचं काम पाहिलेल्याला हे लगेच कळेल. आदल्या वर्षी कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ जिंकला होता, चक्क कीटकांपासून अन्न बनवण्याच्या कल्पनेवर.

माझं मत विचाराल तर संघात सगळे कोडिंगवाले घेऊ नका. एक हिशेब पक्का असलेला हवा, एक न अडखळता बोलणारा. आणि ॲप बनवण्याआधी ज्यांच्यासाठी बनवताय त्यांच्या दारात जाऊन या. परीक्षक नेमकं तिथेच खोदतात. तुमच्या कॉलेजात फेरी होते का, हे ई-सेलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या उद्योजकता कक्षात विचारा.